शब्दचर्चा: पुनरायनीकरण की पुनरायनीभवन?

माहुलीकर (सातारा)
साताऱ्यातल्या शालेय विज्ञान प्रदर्शनासाठी फलक लिहितोय. वाक्य असं आहे: "महास्फोटानंतर शंभर कोटी वर्षांनी विश्वाचे पुनरायनीकरण झाले आणि धुके विरले." -करण बरोबर की -भवन? 'पुनर्' कशासाठी, आधी कधी झालं होतं? आणि मुलं ह्याचा संबंध उत्तरायणाशी लावणार, हे नक्की.

हरिपूर (सांगली)
लावू देत की! 'आयन' हा फॅरेडेने १८३४मध्ये ग्रीकमधून उचललेला शब्द, अर्थ 'जाणारा'. आपलं 'अयन'ही जाण्याचंच. पण फलकावर त्यात शिरू नका, जागा पुरणार नाही.

'पुनर्' योग्य आहे. सुरुवातीला सगळा वायू आयनितच होता, म्हणजे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी तापमान ३००० केल्विनपर्यंत उतरलं, प्रोटॉन-इलेक्ट्रॉन जुळले आणि हायड्रोजन उदासीन झाला. पुढे ताऱ्यांच्या प्रकाशाने तो परत फोडला, म्हणून 'पुनर्'. खोट आहे ती 'पुनःसंयोग' ह्या शब्दात. ते जुळणं पहिल्यांदाच होत होतं, मग पुनः कसलं? प्रयोगशाळेतली संज्ञा तशीच उचलली गेली. फलकावर नुसतं 'संयोग' लिहा.

-करण/-भवन म्हणाल तर घनीकरण आणि घनीभवन आठवा. कुणी केलं हे सांगायचं असेल तर करण, आपोआप झालं तर भवन. इथे सगळा वाद 'कुणी केलं' हाच आहे, तेव्हा मी करण घेईन.

यवतेश्वर
शब्दापेक्षा क्रियापद जास्त चुकलंय. 'झाले' नको, 'पूर्ण झाले' हवं. काम कोट्यवधी वर्षं चाललं होतं. प्लँक उपग्रहाच्या मोजणीनुसार त्याचा मध्य ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप; जितकी जास्त तितका काळ जुना) ७.७च्या आसपास येतो, म्हणजे महास्फोटानंतर साधारण ७० कोटी वर्षं. दीर्घिकांभोवती (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांभोवती) आयनित वायूचे फुगे वाढत गेले, एकमेकांना भिडले, आणि उदासीन वायू मधल्या बेचक्यांत शेवटपर्यंत टिकला.

'धुके विरले' काढाच. महाबळेश्वरचं धुकं सगळेच रंग अडवतं. उदासीन हायड्रोजन दृश्य प्रकाशाला जवळजवळ मोकळी वाट देतो. तो गिळतो ९१२ अँगस्ट्रॉमपेक्षा (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) आखूड किरण, आणि १२१६ अँगस्ट्रॉमची रेषा अडवतो. पुरावाही तिथेच मिळाला. गन आणि पीटरसन यांनी १९६५मध्ये सांगितलं होतं की दूरच्या क्वेसारच्या (महाकाय कृष्णविवरामुळे तळपणाऱ्या दीर्घिकेच्या केंद्राच्या) वर्णपटात ह्या रेषेच्या निळ्या बाजूला सपाट खड्डा दिसेल. २००१मध्ये ६.२८ ताम्रसृतीच्या क्वेसारमध्ये तो दिसला. तिथे ती रेषा ताणून सुमारे ८८५० अँगस्ट्रॉमवर येते.

माहुलीकर
मग कर्ता कोण लिहू? क्वेसार?

हरिपूर
नको. त्या काळी ठळक क्वेसार फार थोडे होते. शिवाय हायड्रोजन फोडायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ५४.४ लागतात. क्वेसारचे किरण तेवढे तिखट असतात. मुख्य काम त्यांनीच केलं असतं तर हेलियमही लवकर पुरता आयनित झाला असता. ते घडलं बऱ्याच उशिरा, ताम्रसृती ३च्या सुमारास. म्हणून पारडं लहान, अंधुक दीर्घिकांतल्या तापलेल्या जड ताऱ्यांकडे झुकतं. २०२४मध्ये वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून अशा दीर्घिकांचे आयनकारी फोटॉन (अणू फोडणारे प्रकाशकण) आधीच्या गृहीतकाच्या सुमारे चौपट निघाले. मात्र वेबलाच अंधुक सक्रिय कृष्णविवरंही अपेक्षेपेक्षा जास्त सापडली आहेत, त्यामुळे 'फक्त तारे' असं ठासून लिहू नका.

कृष्णाकाठ
दीर्घिकांना हे काम झेपलं का, हा हिशोब तीन गोष्टींच्या गुणाकाराचा आहे: दीर्घिका किती, प्रत्येकीचे आयनकारी फोटॉन किती, आणि त्यातले बाहेर किती निसटतात. तिसऱ्यासाठी 'पलायन अंश' वाचलाय. मला 'निसट-प्रमाण' बरं वाटतं, कारण बहुतेक फोटॉन दीर्घिकेतल्याच वायूत आणि धुळीत मुरतात. हा आकडा साधारण १० ते २० टक्के धरला की गणित जुळतं. एका अणूमागे एका फोटॉनने भागत नाही, कारण फुटलेले अणू परत जुळतात.

गोची अशी की त्या काळातलं निसटणं थेट दिसतच नाही, वाटेतला उदासीन वायू ते किरण खाऊन टाकतो. म्हणून जवळच्या दीर्घिका तपासायच्या. पुण्याच्या आयुका ह्या खगोलसंस्थेतल्या कनक साहा यांच्या गटाने २०२०मध्ये अ‍ॅस्ट्रोसॅट ह्या भारतीय उपग्रहाच्या जंबुपार (अतिनील) दुर्बिणीने अशी एक दीर्घिका दाखवली, ताम्रसृती १.४२, निसट-प्रमाण किमान २० टक्के. अशा शोधात फसगत होते ती एकाच रेषेत पुढे दुसरी दीर्घिका आली तर. तिचा साधा जंबुपार उजेड मागचीचा निसटलेला समजला जातो. म्हणून हबलसारखी नेमकी प्रतिमा शेजारी ठेवून ठिपका खरंच एकटा आहे ना, ते आधी बघतात.

माहुलीकर
असं केलं तर? "पहिल्या शंभर कोटी वर्षांत, मुख्यतः लहान आकाशगंगांमधील ताऱ्यांच्या जंबुपार किरणांनी विश्वातील हायड्रोजनचे पुनरायनीकरण केले."

यवतेश्वर
'मुख्यतः'नंतर 'बहुधा' घाला. 'आकाशगंगा' आपली एकच, बाकीच्या दीर्घिका. शाळेच्या पुस्तकात 'अतिनील' असेल तर जंबुपारऐवजी तेच ठेवा. आणि खाली अँगस्ट्रॉम देणार असाल तर नॅनोमीटर द्या, ९१.२.