ग्रीनव्हिलला फुकटात काय बघाल
वर कोणीतरी विचारलंय ना, भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलला एक दिवस जायचंय पण फार खर्च नको, तर आधी सरळ फॉल्स पार्क गाठा, रीडी नदीचा धबधबा चक्क डाउनटाउनमध्येच आहे आणि तिकीट वगैरे काही नाही. पूर्वी त्याच्यावरून गाड्यांचा पूल जायचा त्यामुळे धबधबा झाकलेलाच होता, तो पाडून २००४ मध्ये पायी चालायचा लिबर्टी ब्रिज बांधला, मस्त वळणदार आहे आणि केबल्स एकाच बाजूला, मध्यावर थांबलं की खडकांवरून फुटणारं पाणी समोरच दिसतं. पोरं सोबत असतील तर मेन स्ट्रीटवर लपवलेले ब्रॉन्झचे ९ चिमुकले उंदीर शोधायला लावा. आर्ट म्युझियमही फ्री आहे, तिथली अमेरिकन चित्रकार अँड्र्यू वायथची वॉटरकलर्स अजिबात चुकवू नका.