काल्पनिक मोटार कंपनीचा अभियांत्रिकी इतिहास विश्वासार्ह कसा करावा?

प्रश्न : अक्षदंड

एका दीर्घ कथेसाठी मी मोटारी बनवणारी एक कंपनी कल्पिली आहे. तिचा देशही काल्पनिकच आहे. मात्र इंधन, धातू, महायुद्धे आणि तेलाचे संकट हे सारे आपल्या जगात घडले तसेच तेथेही घडते. कथेत अधूनमधून कंपनीच्या अधिकृत इतिहासातील उतारे आणि प्रत्येक मॉडेलचा तांत्रिक तक्ता यावा, अशी माझी योजना आहे.

आजचा आराखडा थोडक्यात असा: १९२१ मध्ये स्थापना, १९३१ मध्ये पुढच्या चाकांना शक्ती देणारी मोटार, १९३८ मध्ये चारही चाकांना डिस्क ब्रेक, १९५२ मध्ये रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारा त्रिकोणी रोटर असलेले) आणि १९६३ मध्ये टर्बो (बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र). यातील प्रत्येक गोष्ट मी जगात सर्वप्रथम किंवा जवळजवळ सर्वप्रथम घडवून आणली आहे. परंतु सलग वाचले, की हा इतिहास न वाटता विक्री विभागाची पुस्तिका वाटते. प्रत्येक मॉडेल आधीच्यापेक्षा सरस आहे, कोणताही निर्णय कोणाच्या अंगाशी येत नाही आणि तक्त्यांतील आकडे तर मी अक्षरशः डोळे मिटून लिहिले आहेत.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशी कंपनी रचताना सुरुवात नेमकी कोठून करावी? आणि तांत्रिक तक्ते असे कसे तयार करावेत, की जाणकाराने गणकयंत्र घेऊन तपासले तरी ते टिकतील? कंपनीचे नाव अजून ठरलेले नाही, तेव्हा त्याची चर्चा तूर्त नको.

उत्तर : पट्टी_आणि_कर्कटक

सुरुवात मोटारीपासून करू नका, करापासून करा. हे ऐकायला रुक्ष वाटेल. परंतु कित्येक देशांतील इंजिनांचा आकार आधी तेथील कायद्याने ठरवला आहे आणि अभियंत्यांनी त्या चौकटीत आपली हुशारी दाखवली आहे.

सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनचे आहे. तेथे १९१० पासून मोटारीची करपात्र अश्वशक्ती एका सूत्राने काढत असत: सिलिंडरच्या व्यासाचा इंचांतील वर्ग, गुणिले सिलिंडरची संख्या, भागिले २.५. या सूत्रात पिस्टनच्या स्ट्रोकला, म्हणजे तो सिलिंडरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जितका सरकतो त्या अंतराला, स्थानच नाही. त्यामुळे व्यास लहान ठेवून स्ट्रोक लांबवत नेणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरला आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत मोडीत निघेपर्यंत ब्रिटिश इंजिने अरुंद व उंच राहिली. त्या काळच्या मॉरिस टेनचे इंजिन पाहा: व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अडीच इंच. सूत्रात घातले की उत्तर नेमके १० येते आणि मोटारीच्या नावातला दहाही तोच. स्ट्रोक मात्र १०२ मिलिमीटर, त्यामुळे प्रत्यक्ष क्षमता १,२९२ सीसी भरते.

अशा एका नियमातून पुढची किती पाने आपोआप लिहिली जातात, ते पाहण्यासारखे आहे. लांब स्ट्रोकमुळे पिस्टनचा वेग लवकर वाढतो, म्हणून इंजिन फार फेरे घेऊ शकत नाही. फेरे कमी असल्याने ते कमी वेगात जोर लावणारे होते. पुढे एखाद्या परदेशात सपाट, सरळ आणि लांब रस्त्यांवर तासन्‌तास भरधाव चालवायची वेळ आली, की तेच इंजिन दमते आणि कंपनीची निर्यात अडखळते. शत्रू, कारस्थान, संप यांपैकी काहीही न आणता तुमच्या कथेत संकट उभे राहिले.

जपानने क्षमतेलाच मर्यादा घातली. तेथील छोट्या मोटारींच्या वर्गाला पन्नाशीच्या दशकात ३६० सीसी, १९७६ पासून ५५० आणि १९९० पासून ६६० अशी कमाल मर्यादा होती, म्हणून त्या वर्गातील इंजिने पिढ्यानपिढ्या याच आकड्यांना चिकटून राहिली. इटलीत दोन हजार सीसीच्या वर जादा कर होता, तेव्हा फेरारीला आठ सिलिंडरचे इंजिन १,९९१ सीसीवर आणून २०८ हे मॉडेल विकावे लागले. अशी विचित्र अपत्ये जन्माला घालणारा एखादा नियम तुमच्या देशालाही द्या आणि तो मधेच कधीतरी बदला.

उत्तर : बिडाचा_ठोकळा

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. माझे म्हणणे इतकेच, की कायद्यानंतर लगेच कारखान्यात शिरावे. कंपनीच्या इतिहासात सर्वांत महाग वस्तू मोटार नसून ती बनवणारी यंत्रसामग्री असते. सिलिंडरचा ठोकळा ओतण्याचे साचे आणि तो कोरून काढणारी यंत्रे एकदा बसवली, की दोन शेजारच्या सिलिंडरांच्या केंद्रांमधील अंतर कायमचे ठरते. व्यास थोडा वाढवता येतो, स्ट्रोक बदलता येतो, वरचा हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, नवा देता येतो. पण हे केंद्रांतर बदलायचे म्हणजे बहुतेक यंत्रे नव्याने घ्यायची. म्हणूनच ऑस्टिनचे १९५१ मधले ८०३ सीसीचे छोटे ए-सिरीज इंजिन वाढत वाढत १,२७५ सीसीपर्यंत गेले आणि २००० साली मिनीचे उत्पादन थांबेपर्यंत जगले. मिनी रचणाऱ्या अलेक इसिगोनिस यांना तर हाताशी असलेलेच इंजिन वापरण्याची सूचना होती. त्यांनी ते आडवे बसवले आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली तेलाच्या टाकीत नेला. आज प्रतिभेचा आविष्कार म्हणून गौरवली जाणारी ती रचना अशा सक्तीतूनच निघाली.

आता तुमच्या तक्त्यांविषयी. वरचेच ६३.५ गुणिले १०२ चे चार सिलिंडरी इंजिन घेऊ आणि केंद्रांतर ८२ मिलिमीटर मानू. दोन सिलिंडरांमध्ये १८.५ मिलिमीटर जागा उरते. तीत दोन्हींच्या भिंती आणि मधून पाण्याची वाट आरामात बसते. पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे स्ट्रोकची दुप्पट गुणिले सेकंदाचे फेरे. मिनिटाला ३,६०० फेऱ्यांना तो सेकंदाला सुमारे १२ मीटर येतो आणि त्या काळच्या साध्या मोटारीला एवढा पुरे. शक्तीसाठी सोपे सूत्र असे: सिलिंडरमधील सरासरी परिणामी दाब बारमध्ये, गुणिले क्षमता लिटरमध्ये, गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले १,२००, उत्तर किलोवॉटमध्ये मिळते. युद्धापूर्वीच्या पेट्रोलवर आणि कमी संपीडनावर (म्हणजे पेटण्यापूर्वी मिश्रण कमी दाबले जात असताना) दाब ६.५ धरला, तर सुमारे २५ किलोवॉट, म्हणजे ३४ अश्वशक्ती मिळते. जाणकाराला यात खटकण्यासारखे काही नाही.

मग कर उठतो. नवे इंजिन करायला पैसा नाही, म्हणून कंपनी तोच ठोकळा ७२ मिलिमीटरपर्यंत कोरते. क्षमता १,६६१ सीसी होते. चांगल्या पेट्रोलमुळे संपीडन वाढवता येते, दाब ७.५ धरता येतो आणि तेवढ्याच फेऱ्यांना सुमारे ५० अश्वशक्ती हाती येते. विक्री विभाग खूश होतो. परंतु आता दोन सिलिंडरांमध्ये केवळ १० मिलिमीटर उरले आहेत, पाण्याची वाट बंद करून भिंती एकमेकींना जोडाव्या लागल्या आहेत आणि घाट चढताना नेमक्या त्याच अरुंद पट्टीवर हेड गॅस्केट, म्हणजे ठोकळा आणि हेड यांमधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर, जळते. या मॉडेलची ही खोड दुरुस्तीवाल्यांना तोंडपाठ असेल आणि अधिकृत इतिहासात तिचा उल्लेखही नसेल. तुमच्या कथेतील उताऱ्यांना जे मौन हवे आहे, ते येथे सापडेल.

उत्तर : तिसरी_घडी

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, पण दोन्ही जणू कंपनी एकाच डोक्याने विचार करते असे मानतात. प्रत्यक्षात अभियंते एक आखतात आणि तिजोरी दुसरेच मंजूर करते. १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएन डीएस अवतरली तेव्हा तिचे वायू व द्रव यांवर चालणारे सस्पेन्शन, तिचा आकार, तिचे पुढचे डिस्क ब्रेक, सारेच काळाच्या पुढचे होते. बॉनेटखाली मात्र सित्रोएनच्याच १९३४ च्या त्रक्सियॉं आव्हां या मोटारीपासून चालत आलेल्या इंजिनाचीच सुधारित आवृत्ती होती, कारण योजलेले, समोरासमोर आडव्या सिलिंडरांचे सहा सिलिंडरी इंजिन पैशाअभावी सोडून द्यावे लागले. तिच्या तांत्रिक तक्त्यात मला सर्वांत मानवी वाटते ती इंजिनाचीच ओळ.

आपल्या सनावळीविषयी स्पष्टच लिहितो. १९३१ ची पुढच्या चाकांची मोटार ठीक आहे. डीकेडब्ल्यूने त्याच वर्षी तशी छोटी मोटार बाजारात आणली होती. डिस्क ब्रेक १९३८ ऐवजी पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात न्या. १९५३ च्या ल मॉं या फ्रान्समधील चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारने ते घेऊन विजय मिळवल्यानंतर त्यांच्याकडे सर्वांचे लक्ष गेले. रोटरीला १९५२ हे वर्ष चालणारच नाही, कारण फेलिक्स व्हांकेल यांचे पहिले प्रायोगिक इंजिन एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये फिरले. हवेच असेल तर परवाना विकत घ्यायला लावा आणि मग ठरवा, की तुमची कंपनी कोणाच्या वाटेने जाणार. एनएसयूने १९६७ मध्ये आरओ ८० आणली. मोटार देखणी होती, पण रोटरच्या टोकांवरील सील झिजत असल्याने हमीखाली इंजिनेच्या इंजिने बदलून द्यावी लागली आणि १९६९ मध्ये कंपनी फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. त्याच इंजिनावर माझ्दाने चिकाटीने काम केले आणि १९९१ मध्ये ल मॉं जिंकली. माझ्दाचा जन्म १९२० मध्ये बुचाच्या कारखान्यातून झाला होता, हे जाता जाता सांगतो. तुमच्या कंपनीने १९२१ मध्ये एकदम मोटारीच बनवाव्यात असे कोठे आहे?

१९६३ चा टर्बो राहू द्या, पण तो त्रासदायक करा. ओल्ड्समोबिलने १९६२ मध्ये जेटफायर नावाची टर्बो मोटार विकली. स्फोट अवेळी होऊ नये म्हणून तीत पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडावे लागे. मालक ती टाकी भरायला विसरत आणि शेवटी कित्येक मोटारींचे टर्बो काढून तेथे साधे कार्ब्युरेटर बसवले गेले.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : अक्षदंड

सर्वांचे आभार. व्यासावरील कर आणि ८२ मिलिमीटरचे केंद्रांतर मी जसेच्या तसे घेत आहे. कंपनी आता शिवणयंत्रे बनवणारी असेल, कारण ओपेलचीही सुरुवात तशीच झाली होती आणि बारीक ओतकामाचा सराव तेथूनच आला असे दाखवता येईल. टर्बो ठेवतो, रोटरी पूर्णपणे काढतो.

एक अडचण उरते. तेलाच्या संकटानंतर ही कंपनी जगवावी की बुडवावी, हे ठरत नाही. जगवली तर आजपर्यंतचा सारा भार वाहावा लागेल, बुडवली तर शेवट नाटकी होईल.

उत्तर : बिडाचा_ठोकळा

मोटारी थांबवा आणि इंजिन जिवंत ठेवा. ब्यूइकने अवघी दोन-तीन वर्षे बनवून सोडून दिलेले ॲल्युमिनियमचे आठ सिलिंडरी इंजिन रोव्हरने साठीच्या दशकाच्या मध्यात हक्कांसह विकत घेतले आणि पुढे सुमारे चार दशके वापरले. १९७० ची रेंज रोव्हरही त्यावरच उतरली. उलट साबला स्वतःचे टू-स्ट्रोक इंजिन चालेनासे झाले, तेव्हा १९६७ च्या ९६ मॉडेलसाठी तिने फोर्डचे व्ही-४, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात चार सिलिंडर असलेले इंजिन, घेतले. म्हणजे इंजिने कंपन्यांच्या सीमा सहज ओलांडतात आणि त्यासाठी नाट्य लागत नाही, केवळ करार लागतो.

तुमच्या १,६६१ सीसीच्या ठोकळ्याला पाण्याचे पंप, गोदामातील फोर्कलिफ्ट आणि छोट्या नावा यांसाठी गिऱ्हाईक मिळेल. तेथे मिनिटाला २,२०० फेरे पुरतात. त्या वेगाला दाब थोडा कमी, म्हणजे ७ धरला, तरी सुमारे २१ किलोवॉट मिळतात, फेरे कमी झाल्याने उष्णताही कमी होते आणि हेड गॅस्केटचे दुखणे बऱ्याच अंशी शमते. शेवटच्या तक्त्यात कार्ब्युरेटरशेजारी फेरे स्थिर ठेवणारा गव्हर्नर दाखवा, कमाल वेगाचा रकाना कोरा ठेवा आणि खाली सुट्या भागांची यादी जोडा. मोटारीचे कोणते भाग तिच्यात अजून मिळतात आणि कोणते मिळत नाहीत, हे मात्र त्यापूर्वी नक्की करून ठेवा, कारण जाणकार वाचक सर्वप्रथम तेच पडताळून पाहील.