मदत हवी आहे: फुटबॉलमध्ये पेनल्टीला किकरचा डबल टच आणि गोलकीपर रेषेपुढे, मग निर्णय काय?

स्पर्धा बघताना आमच्यात वाद पेटलाय, रेफ्रीचं काम केलेल्या कुणीतरी तो मिटवा.

प्रसंग शूटआउटचा (सामना बरोबरीत राहिल्यावर आळीपाळीने पेनल्टी मारतात तो). किक मारताना पाय घसरतो, चेंडू जमिनीवर टेकवलेल्या दुसऱ्या पायालाही नकळत लागतो, म्हणजे डबल टच. त्याच वेळी गोलकीपरचे दोन्ही पाय किकच्या आधीच गोलरेषेच्या पुढे आलेले, आणि तो चेंडू अडवतो.

मार्च 2025 मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध शूटआउटमध्ये अॅटलेटिको माद्रिदच्या हुलियान आल्वारेझचा गोल डबल टचमुळे रद्द झाला, ते माहीत आहे. त्यानंतर जूनमध्ये आयएफएबीने (फुटबॉलचे नियम ठरवणारी संस्था) खुलासा केला तोही वाचलाय: डबल टच नकळत झाला आणि गोल झाला, तर किक पुन्हा, गोल नाही झाला, तर शूटआउटमध्ये ती हुकलेली धरायची. गोलकीपर पुढे येऊन अडवतो तेव्हाही किक पुन्हा, पहिल्या वेळी त्याला फक्त ताकीद. इथवर सगळ्यांचं एकमत. (रेआल नशीबवान की नाही, हा विषय कृपया नको. त्यात आधीच दोन संध्याकाळी गेल्यात.)

नियम 14 (पेनल्टी किकचा) पण वाचून झाला. दोघांनी एकाच वेळी चूक केली तर शिक्षा किकरला, असं त्यात दिसतं. पण गोलकीपर चेंडू हलण्याआधीच पुढे आला आणि डबल टच किक मारताना झाला. म्हणजे क्षणभराचा का होईना, फरक आहेच. व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत) आहे असं धरा, दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसतायत.

मग याला 'एकाच वेळी' म्हणायचं का, की गोलकीपरची चूक आधीची म्हणून किक पुन्हा घ्यायची?