मदत हवी आहे: उदयपूर-कुंभलगड-चित्तोड, सहा रात्री, पळापळ नको

मनवा_ठाणे
नमस्कार मंडळी. बांद्रा-उदयपूर जायची-यायची तिकिटं झाली आहेत, तेव्हा "जयपूर करा" असं कृपया कुणी सांगू नका. सहा रात्री हाताशी आहेत, आईबाबा सोबत आहेत. ट्रॅव्हल्सवाल्याने जो कार्यक्रम पाठवलाय त्यात एकाच दिवसात एकलिंगजी, नाथद्वारा, हळदीघाटी, कुंभलगड आणि राणकपूर कोंबलंय! मला तलावाच्या काठावर नुसतं बसायचंय आणि देवळं नीट बघायचीत.
कुंभलगडला मुक्काम करावा की उदयपूरहून जाऊन यावं? राणकपूर कशाला जोडायचं? चित्तोड एका दिवसात उरकतं का? आज रात्रीच हॉटेलं बुक करायची आहेत, दर रोज वाढतायत. पटापट सांगा.

रिकामटेकडी
कधी जाताय? एकूण किती जण? आईबाबांची वयं काय? चालणं, चढणं जमतं का त्यांना? यातलं काहीच लिहिलं नाहीये.

शेवभाजी
सहा रात्री आहेत तर जैसलमेर करा. वाळवंट पाहिलं नाही तर राजस्थान पाहिलं असं म्हणूच नये. आम्ही सम गावी तंबूत राहिलो होतो, उंटावरून सूर्यास्त, रात्री कालबेलिया नाच. तलाव काय, ठाण्यातही आहेत.

घाटवाट
कुंभलगडला मुक्काम करायचाच, यात दुमत नको. उदयपूरहून साधारण ८५ किमी, पण शेवटचा टप्पा अरवलीतला वळणावळणांचा आहे. सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्यांना भर दुपारी चढायला लागतं आणि मग ते घरी येऊन सांगतात की गड रुक्ष आहे. राहिलात तर सकाळी दार उघडल्या उघडल्या आत शिरा. रामपोल दरवाजातून आत गेलं की दगडी चढणीची वाट एकामागून एक दरवाजांतून वर बादल महालापर्यंत जाते. पायऱ्या कमी, चढ जास्त. वरून ३६ किमीची तटबंदी डोंगरांवरून कशी वळत गेलीय ते दिसतं. बुरुज तळाशी फुगीर आहेत, जवळ जाऊन बघा, रांजण उलटा ठेवल्यासारखे. महाराणा प्रतापांचा जन्म इथलाच, १५४० चा. दोन तासांत वर-खाली होतं.

मनवा_ठाणे
जैसलमेर नको, लिहिलंय की आधीच. तिघंच आहोत. बाबा ७४, ठणठणीत, रोज येऊरला चालतात. आई ६८, गेल्या वर्षी डावा गुडघा बदललाय. सपाटीवर चालते, चढउतार जपून.

रिकामटेकडी
अगं, मग हेच आधी लिहायचं ना! दोन तासांचा चढ सांगतायत तुला.

घाटवाट
काठी घेऊन हळूहळू होतं. राजगडावर सत्तरीच्या आजी बघितल्यात मी.

मेवाडी_सून
माहेर सांगली, सासर उदयपूर, तेव्हा थोडं अधिकाराने लिहिते. घाटवाट, राजगडावरच्या आजींचा गुडघा स्वतःचा असतो हो.
मनवा, कुंभलगडाच्या दारापर्यंत गाडी जाते. आत शिरल्यावर डाव्या-उजव्या हाताला फार न चढता वेदी मंदिर आणि नीलकंठ महादेव बघून होतं. नीलकंठाचे खांब आणि मोठं शिवलिंग आईंना नक्की आवडेल. तोवर तू आणि बाबा वर जाऊन या. संध्याकाळी गडावर प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम असतो, तोही खालीच बसून बघायचा. शाल घेऊन जा, रात्री गार वारा सुटतो.
राणकपूरची मेख अशी की जैनेतर पर्यटकांना मंदिर दुपारी बारा ते पाचच खुलं असतं. सकाळी नऊला पोचून बाहेर ताटकळत बसलेली माणसं मी नेहमी बघते. म्हणून उदयपूरहून साडेनऊला निघा, बाराला आत, निवांत दीड-दोन तास, मग घाटातून कुंभलगडला मुक्कामाला. कातडी पट्टा, पाकीट आत चालत नाही, ते गाडीतच ठेवा. मंदिर १५ व्या शतकातलं, धरणा शाहनं बांधवलेलं, शिल्पी देपा. खांब १४४४, आणि मोजायला गेलात तर चुकणारच. चौमुखी आहे, म्हणजे गाभाऱ्यातल्या आदिनाथाला चारही दिशांना मुखं. कोपऱ्यातल्या एखाद्या खांबाला टेकून (टेकायला रखवालदार हरकत घेतो, जवळ बसून म्हणा) उन्हाची तिरीप सरकताना बघत बसा. तुला हवं तेच आहे ते.

अप्पा_नाशिक
फार छान माहिती. जाता जाता राजसमंद चुकवू नका. महाराणा राजसिंहांनी १७ व्या शतकात बांधलेला तलाव, त्याच्या पाळीवर नौचौकी म्हणून संगमरवरी मंडप आहेत. कोरीव काम असं की गाडीवाला दोनदा हॉर्न वाजवतो. तिथेच २५ शिळांवर राजप्रशस्ती कोरलेली आहे, रणछोड भट्टाचं संस्कृत काव्य. तलावाच्या पाळीवर एवढं मोठं काव्य कोरून ठेवण्याची कल्पना मला तरी अफाट वाटते. आणि तिथे गर्दी नसते, कारण ते कुणाच्या कार्यक्रमातच नसतं.
तटबंदीबद्दल: चीनच्या भिंतीखालोखाल जगातली सगळ्यात लांब.

घाटवाट
अप्पा, ते "चीनखालोखाल" गाइड लोकांचं पेटंट वाक्य आहे, मोजपट्टी कुणी लावली? आणि लांबीचं काय कौतुक, राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी बघा, काय डोकं लावलंय!

अप्पा_नाशिक
राजगडाला कोण नाही म्हणतंय? पण चितोड आणि कुंभलगड २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, आपले किल्ले यायला २०२५ उजाडलं.

घाटवाट
आले ना पण, बारा आले. जिंजीसकट.

रिकामटेकडी
युनेस्कोचा वेगळा धागा काढा, हलके घ्या. मनवा, तारखा अजून सांगितल्या नाहीस.

बडोदेकर
मीही हेच विचारायला आलो होतो. दिवाळीच्या आसपास तर नाही ना?

मनवा_ठाणे
लक्ष्मीपूजन घरी करून रात्री निघतो, पाडव्याला उदयपूर. शाळेत आहे मी, सुट्टी तेव्हाच मिळते. दुसऱ्या दिवशी नाथद्वारा, असं बाबांनी ठरवलंय.

बडोदेकर
मग सगळा खेळच बदलला. पाडव्याला नाथद्वाऱ्यात अन्नकूट असतो. श्रीनाथजींपुढे भाताची रास रचतात, रात्री भिल्ल मंडळी ती "लुटून" नेतात, ते बघायला आणि प्रसादाला माणसांचा महापूर लोटतो. आणि पाडव्यापासून लाभपाचमेपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) गुजरातेत दुकानं बंद. म्हणजे अर्धा गुजरात अबूला, उरलेला उदयपूर-नाथद्वाऱ्याला. मी स्वतः त्या गर्दीतला एक असतो म्हणून सांगतो. श्रीनाथजींचं दर्शन मंगला, शृंगार, ग्वाल, राजभोग, उत्थापन, भोग, संध्या आरती, शयन अशा आठ झाक्यांत असतं, मधल्या वेळात पडदा. दर झाकीला दार उघडलं की जो लोंढा आत घुसतो त्यात नवा गुडघा घेऊन शिरू नये. नाथद्वारा लाभपाचमेनंतर ढकला.
कुंभलगडाची खोली मात्र आजच घ्या, तिथे हॉटेलं मोजकी.

शेवभाजी
बघा! जैसलमेरला एवढी गर्दी नसते.

बडोदेकर
दिवाळीत? तिथेही आम्हीच असतो.

मेवाडी_सून
बडोदेकरांना पूर्ण अनुमोदन. उदयपूरचं हॉटेल कुठे घेतलंस? की तेही घ्यायचंय?

मनवा_ठाणे
ते झालंय, पहिल्या तीन रात्री. गणगौर घाटाजवळ, पिछोला दिसणारी हवेली, तिसऱ्या मजल्यावरची खोली. पैसे परत मिळणार नाहीत. बाकीचं विचारतेय मी.

मेवाडी_सून
लिफ्ट आहे का ते आज फोन करून विचार. त्या बाजूच्या जुन्या हवेल्यांना बहुधा नसते, जिने अरुंद आणि पायऱ्या उंच. नसेल तर खालच्या मजल्यावरची खोली माग, तलाव गच्चीवरून दिसतोच. दुसरं, मोठी गाडी त्या गल्ल्यांत शिरत नाही, बाहेर उतरून रिक्षानं आत. पहिले दोन दिवस गाडी ठरवूच नकोस, रिक्षा पुरते.
तुझ्या तीन रात्रींतच बसवते सगळं. पाडव्याला पोचलात की काही करू नका, घाटावर बसा. भाऊबीजेला सकाळी लवकर जगदीश मंदिर, १६५१ चं, पण बत्तीस पायऱ्या आहेत आणि चांगल्या उंच, तेव्हा आईंचं आईंना ठरवू दे. सिटी पॅलेस गर्दी व्हायच्या आत. होडी पिछोल्याऐवजी फतेहसागरला घ्या, बरीच स्वस्त पडते. संध्याकाळी सातला बागोर की हवेलीत नाच, तुमच्या दारातच. तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन चित्तोड.
चौथ्या दिवशी सामान घेऊन राणकपूर, तिथून कुंभलगड, दोन रात्री. सहाव्या दिवशी, म्हणजे लाभपाचम झाल्यावर, उतरताना राजसमंदची नौचौकी, मग नाथद्वारा, आणि संध्याकाळी एकलिंगजी. एकलिंगजी दुपारी बंद असतं, पाचच्या सुमाराला उघडतं. तिथून उदयपूर २२ किमी. शेवटची रात्र स्टेशनजवळ काढा.

अप्पा_नाशिक
आणि हळदीघाटी? १५७६ चं रणांगण, चेतकची समाधी, पिवळी माती! नाथद्वाऱ्यापासून हाकेवर.

मेवाडी_सून
अप्पा, समाधी आणि खिंड बघायला अर्धा तास, पण गाडीवाले आधी खासगी संग्रहालयात आणि मग गुलकंदाच्या दुकानात नेऊन दोन तास घालवतात. सहाव्या दिवशी तो ताण नको. हवं तर एकलिंगजीशेजारी नागद्याची सास-बहूची देवळं बघा, त्यांचं कोरीव काम बघून डोळे निवतील.

घाटवाट
चित्तोड एका दिवसात म्हणजे अन्याय आहे.

मेवाडी_सून
११५ किमी, रस्ता चौपदरी, दोन-सव्वादोन तास. आठला निघालात की पाचपर्यंत मोकळे. गड सपाट माथ्याचा, जवळपास पाच किमी लांब, आणि गाडी सातही पोलांमधून (दरवाजांतून) थेट वर जाते. मीरा मंदिर, विजयस्तंभ, पद्मिनी महाल, कालिका माता, सगळीकडे दारात उतरता येतं. कुंभलगडापेक्षा आईंना चित्तोडच सोपं. फक्त गोमुख कुंडाला खाली उतरावं लागतं, ते वरूनच बघू दे. विजयस्तंभाजवळ जरा वेळ थांबा. माळव्याच्या सुलतानावरच्या विजयाचा, नऊ मजली, आणि बाहेरून बघतानाही मूर्तींवरून नजर हलत नाही.

बडोदेकर
गाडी ठरवताना एक: बाहेरगावचा दर लावला की दिवसाला किमान २५० किमी धरतात, चालवा न चालवा. कुंभलगडाला गाडी थांबून राहिली तरी त्या दिवसाचे पैसे पडतील, शिवाय ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता, टोल, पार्किंग. त्यापेक्षा चौथ्या दिवशी सोडायला एक गाडी आणि सहाव्या दिवशी आणायला दुसरी, असे दोन्ही भाव विचारा आणि तुलना करा.

घाटवाट
मग पाचव्या दिवशी कुंभलगडात अडकले की ते! हॉटेलहून गडावर जायला काय करणार?

बडोदेकर
हॉटेलवाले जीप देतात, विचारून घ्यावं. चार किलोमीटरसाठी दिवसभराची गाडी कशाला पोसायची?

रिकामटेकडी
खाण्याचं कुणीच बोललं नाही. आईबाबांना रोज दालबाटी झेपायची नाही. उदयपूरला सकाळी पोहे सगळीकडे मिळतात, वाफवलेले, वर शेव. आपले नव्हेत, पण पोट शांत राहतं. नाथद्वाऱ्यात कुल्हडमधला पुदिन्याचा चहा घ्याच. राणकपूरला देवळाच्या भोजनशाळेत साधं जैन जेवण मिळतं.

मनवा_ठाणे
हॉटेलला फोन केला, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावरची खोली दिलीय, खिडकीतून तलाव नाही, भिंत आहे. आई म्हणते चालेल. कुंभलगडाच्या दोन रात्री बुक केल्या, जीपचं विचारलं, हो म्हणाले. बाबा नाथद्वारा पुढे ढकलायला तयार नव्हते, अन्नकूटच बघायचा म्हणत होते. बडोदेकरांचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर गप्प बसलेत. सहाव्या दिवशी राजसमंद, नाथद्वारा, एकलिंगजी तिन्ही होतील का पण? कुंभलगडहून किती वाजता निघू?

मेवाडी_सून
नाश्ता करून साडेआठला निघा. राजसमंदला एक तास, नाथद्वाऱ्यात राजभोगाची झाकी गाठायची, ती साधारण अकरा-साडेअकराच्या पुढे असते, पण वेळा रोज बदलतात, त्या दिवशीची वेळ सकाळी हॉटेलातूनच विचारून घ्या. मोबाइल बाहेर जमा करावा लागतो. जेवून तिथेच थोडे आडवे व्हा, चारला निघून एकलिंगजी. राजभोग चुकलं तर उत्थापनासाठी थांबू नका, बाबांना सरळ एकलिंगजीला घेऊन या.

अप्पा_नाशिक
आम्ही डिसेंबरात जातोय. शिल्पग्रामचा उत्सव २१ ते ३० डिसेंबर असतो ना? तेव्हा राहायला फतेहसागरची बाजू बरी की जुनं शहर?

मेवाडी_सून
अप्पा, नवा धागा काढा, तिथे सांगते. तारखा मात्र पहिल्याच ओळीत लिहा.