हळदीच्या पेढीवर नवा मॉनिटर

प्रश्न: सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची पेढी. काल २४ इंची फुल एचडी मॉनिटर आणला. अक्षरं पुसट दिसतात, शिवाय सौदे सुरू झाले की पडद्यावर पिवळी धूळ बसते. ओल्या फडक्यानं पुसू का?

उत्तर: अजिबात नको, दादा! आधी बंद करून प्लग काढा. मायक्रोफायबरचं मऊ, कोरडं फडकं घ्या, हात हलका ठेवा. मी एकदा थेट पडद्यावर स्प्रे मारला. थेंब ओघळून खालच्या कडेतून आत गेला आणि उभी काळी रेघ उमटली ती कायमचीच. मागच्या जाळीतली हळदही ब्रशनं झाडा, नाहीतर आत तापतं.

उत्तर: अक्षरं पुसट दिसतात म्हणून कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या, १९२० बाय १०८० आहे का बघा.

प्रश्नकर्ता: १३६६ बाय ७६८ वर होतं! आता हिशेबपट्टीतला आकडा न् आकडा लख्ख दिसतोय.