सावंतवाडीच्या लाखकामावर पांढरा डाग पडला आहे. वरून पॉलिश करावे का?

तांबडी_माती:
आमच्याकडे सावंतवाडीचे हाताने रंगवलेले जुने लाकडी तबक आहे. काठाला वेलबुट्टी, मध्यभागी मत्स्यावतार आणि सगळ्यावर लाखेचा तकतकीत थर. त्यावर चहाची गरम किटली ठेवली गेली आणि पांढरट वर्तुळ उमटले. फर्निचरवाल्याने पॉलीयुरेथेनचा (प्लास्टिकसारख्या कृत्रिम, पारदर्शक वार्निशाचा) एक हात मारण्याचा सल्ला दिला आहे. जपानी लाखेच्या वाडग्यांतून गरम सूप पितात. मग या लाखेला किटली का सोसली नाही? आणि दुकानदाराचे ऐकावे का?

रंधा:
ते दोन पदार्थ मुळातच वेगळे आहेत. जपानी उरुशी हा झाडाचा चीक असून तो दमट, उबदार हवेत रासायनिक क्रियेने घट्ट होतो आणि नंतर उष्णतेने मऊ पडत नाही. आपली लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरील किड्यांनी स्रवलेली राळ. ती ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. कर्नाटकातील चन्नपट्टणचे लाकडी खेळणी करणारे कारागीर याच गुणाचा उपयोग करतात: फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते, आणि मग केवड्याच्या पानाने घासून तिला झळाळी आणतात.

डाग बहुधा थरात शिरलेल्या ओलाव्याचा असावा. स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवल्यास तो जाऊ शकेल.

जुनी_चौकट:
साध्या फर्निचरवर हा उपाय चालतो, पण रंगवलेल्या तबकावर माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. चित्र आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये लाखेचा तेवढाच थर असतो. स्पिरिटने तो सैल झाला की बोळ्याबरोबर रंगही ओढला जाण्याचा धोका असतो. पॉलीयुरेथेन तर मुळीच नको, कारण लाखेवर तो नीट धरेलच असे नाही आणि पुढे काढायची वेळ आली तर खालच्या चित्रासकट खरवडावा लागेल, उलट लाखेचा थर जाणत्या हाताला उतरवून पुन्हा चढवता येतो. तूर्त तबक कोरड्या, हवेशीर जागी सावलीत ठेवा. ओलाव्याचे डाग पुष्कळदा आपोआप फिके होतात. पुसताना मऊ कोरडे फडकेच वापरा. साबण आणि सोडा टाळा, कारण क्षारांतही लाख विरघळते.

तांबडी_माती:
पॉलीयुरेथेनचा विचार सोडला. डाग तसाच राहिला तर कोणाकडे जावे?

जुनी_चौकट:
सावंतवाडीच्या राजवाड्यातच विचारा. तेथील राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि लाखकाम तेथे पुन्हा उभे केले, आणि कारागीर तेथेच बसून रंगकाम करीत आले आहेत. आधी डागाचे स्वच्छ उजेडातले छायाचित्र पाठवा आणि पूर्वी त्यावर दुसरे काही लावले असल्यास तेही कळवा.