शाहिरांची गाणी तुमच्यापर्यंत कशी पोहोचली? (अनुभव धागा)

बाबा लालबागला गिरणीत होते. घरात एक डफ होता. सभेला निघण्याआधी ते तो स्टोव्हवर धरून शेकायचे, टिचकी मारून बघायचे, परत शेकायचे. कातडं ताणून खणखणीत बोलायला लागलं की मगच निघायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. गेटसभेत बाबा अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाची गाणी म्हणायचे. गाणी कधीची, तर स्वातंत्र्याच्या आगेमागची आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. पण माणसं अशी ऐकायची की काल रात्री आपल्याच चाळीत कुणी बांधलीत. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र गेल्या.

परवा माझी मुलगी तीच गाणी फोनवर ऐकत बसली होती. तिची नोकरी कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नवा करार. म्हटलं, ही कुठून मिळाली तुला? म्हणाली, "आजोबा म्हणायचे ना." आणि दोन ओळी म्हणूनही दाखवल्या, अगदी बाबांच्या ठेक्यात.

तुमच्या घरी ही गाणी कशी आली, आज कधी आठवतात, ते लिहा.

पुण्याहून

आमच्या शाळेत १ मेला अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड बसवली होती. फेटे, नऊवारी, ढोलकी, सगळं होतं. वेळ कमी पडतो म्हणून शेवटचा भाग गाळला. मला कितीतरी वर्षं ते मुंबईत कामाला आलेल्या गड्याचं विरहगीतच वाटायचं. कॉलेजात असताना एका वयस्कर शाहिरांकडून ते पुरतं ऐकलं आणि अंगावर काटा आला. शाळेचा मला अजून राग येतो.

बेळगावहून

गाळलेला तो भाग म्हणजे आम्ही. मैना म्हणजे गावी राहिलेली बायको, आणि पुढे तीच होते महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख. तुमचं राज्य १९६० ला झालं. आमच्याकडे अजून १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात. काका ऐंशीच्या घरात आहेत, तरी काळी फीत बांधून सायकल फेरीला जातात. फेरी मूक असते, गाणं म्हणायचं नाही. म्हणून त्या दिवशी पहाटे अंघोळ करतानाच ते अख्खी छक्कड म्हणून घेतात. भिंतीपलीकडचे शेजारी कन्नड, त्यांनाही ती पाठ झाली आहे. माझ्या मुलाचं कुणा कन्नड माणसाशी वैर नाही, त्याचे जिवलग मित्र तेच. पण सरकारी कागद आजीला वाचता येईल अशा भाषेत मिळत नाही, तेव्हा तोही हेच गाणं गुणगुणत घरी येतो.

सुरगाण्याहून

मार्च २०१८ ला शेतकऱ्यांच्या मोर्चात नाशिकहून मुंबईपर्यंत चाललो. वडलांच्या नावचा वनजमिनीचा दावा पडून होता. पुढं पावरी वाजायची, मागं बाया गायच्या. चाल जुनीच, आजी भातलावणीच्या वेळी म्हणायची ती. शब्द तेवढे नवे: दावा, सातबारा, कर्ज. शेवटच्या रात्री सोमय्या मैदानावरून आझाद मैदानाला रातोरात गेलो, कारण सकाळी मुंबईच्या पोरांचा दहावीचा पेपर होता. तळपायाला फोड आलेले. आमच्यातली एक म्हातारी मुंबईभर हळू आवाजात तेच गात होती. थांबली असती तर मी बसलोच असतो.

घाटकोपरहून

त्याच मोर्चाला हायवेवर पाणी द्यायला आम्ही रमाबाई नगरातले लोक उभे होतो. ११ जुलै १९९७ ला इथं पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. त्यांना समोर गाताना आईनं ऐकलंय, मी तेव्हा जन्मलेही नव्हते. माझ्याकडे आहे ती आईची वही. वामनदादा कर्डकांची गाणी तिनं ऐकून ऐकून उतरवलेली, पानांच्या कडेला रेशनचा हिशेब. मागच्या वर्षी कंत्राटी सफाई कामगारांचा पगार थकला, तेव्हा त्यातल्या एका चालीवर मी दोन कडवी बांधली. आईनं ऐकली आणि म्हणाली, "दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त झालीय. तिथं लोकांची टाळी सुटंल." सुधारून नेलं. टाळी सुटली नाही.

पुन्हा लालबागहून

बेळगावकर, काकांचा आवाज फोनवर भरून पाठवाल का? अख्खी छक्कड हवी. आणि बाबांचा डफ मी माळ्यावरून काढलाय. एका बाजूनं कातडं फाटलंय. आमच्याकडे पूर्वी मढवून देणारे होते, आता कुणी सापडत नाही. मुंबईत कुणी माहितीचं असेल तर कळवा, मुलगी शनिवारी घेऊन जायला तयार आहे.